असईची जमीन ऑर्डर करताना

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भोकरदनकडे गेलात तर जालना जिल्ह्याला कुणी कोरडा म्हणतं हे खरंच वाटणार नाही. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, बाजरी कापणीला आलेली, ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कपाशीला बोंडं धरलेली, आणि मधेमधे जिथे जमीन उघडी दिसते तिथे ती काळीकुळकुळीत, ओली, चप्पल सोडायला तयार नसलेली. नाल्याच्या काठाला बाभळी, गावाबाहेर कडुनिंब, एखादा जुना वड. नारळाचं झाड औषधालाही नाही. हे सगळं मला इंग्लंडमधल्या एका कारागिराला समजावून सांगायचं होतं, जो कधी भारतात आलेला नाही, आणि ज्याला मी इथल्याच असईच्या रणांगणाचं सहा बाय चार फुटी टेबल बनवायला सांगितलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे छोटे सैनिक, फासे, मोजायची टेप आणि नियमांचं पुस्तक घेऊन टेबलावर लढाई खेळायची. मी राहतो त्या भागात, नॉटिंगहॅमच्या आसपास, हा छंद हवेतच आहे म्हणा ना. गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथलंच, आणि ऐतिहासिक सैनिक बनवणाऱ्या पेरी मिनिएचर्स, वॉरलॉर्ड गेम्स वगैरे कंपन्याही इथल्याच. सैनिक लोक विकत घेतात आणि स्वतः रंगवतात. पण ते ज्या जमिनीवर लढतात ती जमीन, म्हणजे टेरेन, बहुतेक जण हिरवी चटई अंथरून आणि दोन टेकड्या ठेवून भागवतात. काही जण मात्र ती खास बनवून घेतात. मी फ्लॅटमध्ये राहतो, थर्माकोलसारखा फोम गरम तारेने कापत बसायला जागा नाही, त्याचा धूर घरात नको, आणि खरं सांगायचं तर मला ज्या दर्जाचं काम हवं होतं ते हात वर्षानुवर्षं त्याच कामात असल्याशिवाय येत नाही.

मराठी माणसाला हा छंद परका वाटायचं तसं काही कारणच नाही. दिवाळीतला किल्ला आठवा. विटांवर गोणपाट टाकून त्यावर माती लिंपायची, बुरूज करायचे, उतारावर अळीव पेरायचे म्हणजे दिवाळीपर्यंत हिरवळ येते, मग बाजारातून मातीचे मावळे आणून कोण कुठे पहाऱ्याला उभा राहणार यावरून भावंडांत वाद घालायचा. इथले लोक ज्याला स्टॅटिक ग्रास म्हणतात, ते विजेच्या भाराने उभं राहणारं बारीक नायलॉनचं गवत मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला अळीवच आठवले.

असईच का, हे आता सांगतो.

२३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचा ३४ वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईतलं तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र ही लढाई दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या एका वाक्यात उरकलेली असते, आणि मला ते कायम खटकत आलंय, कारण माझं आजोळ त्याच तालुक्यात आहे आणि मामाच्या शेतापासून ती जागा लांब नाही.

ही लढाई म्हणजे पूर्णपणे जमिनीची गोष्ट आहे. दोन नद्या, दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, पूर्वेकडे त्या एकमेकींना मिळतात, आणि मधे जिभेसारखी निमुळती होत गेलेली जमीन. मराठी फौज केळणेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभी. काठ उभे, समोर तोफांची रांग, समोरून नदी ओलांडून यायचं म्हणजे मरायलाच. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की इथे नदी ओलांडायला दुसरा उतार नाही. पण त्याने पाहिलं की पूर्वेकडे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, इंग्रजांच्या कागदात पीपलगाव आणि वारूर म्हणून नोंदलेली, आणि त्याने ताडलं की दोन गावं अशी आमनेसामने वसली असतील तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच. ती होतीच. तिथून तो नदी उतरला, त्या जिभेच्या टोकावर आला आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला.

इथपर्यंतची गोष्ट इंग्रजी पुस्तकांत भरभरून असते. त्यापुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती होता पोलमन, हॅनोव्हरचा माणूस. त्याने आणि त्याच्या पलटणींनी शत्रू बाजूने येतोय हे पाहून अख्खी रांग काटकोनात फिरवली, उजवी बाजू केळणेला, डावी बाजू असई गावाला टेकवली, तोफांसकट. हजारो माणसं, बैल आणि तोफा, काळ्या मातीत, सप्टेंबरात. हे काम किती अवघड आहे ते ज्याने पावसाळ्यात त्या रानात बैलगाडी फसलेली पाहिलीय त्यालाच कळेल. वेलस्लीला हे जमेल असं वाटलं नव्हतं. आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली, संध्याकाळपर्यंत त्याचे १५८४ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता होते, म्हणजे प्रत्यक्ष लढलेल्या फौजेच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

तर मला टेबल हवं होतं ते असं, की ज्याच्याकडे पाहिल्यावर ही काटकोनातली फिरणी समजली पाहिजे.

पहिली बैठक स्केलवरच संपली. दोन नद्यांमधलं अंतर जेमतेम मैलभर धरलं आणि ते टेबलाच्या चार फुटांत बसवलं, तर एक इंच म्हणजे साधारण ३७ यार्ड होतात. सहाशे माणसांची पलटण दोन रांगांत उभी केली तर तिची लांबी पावणेदोनशे-दोनशे यार्ड, म्हणजे टेबलावर पाच इंच. लोक आवडीने घेतात ते २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक पाच इंचात बारा-पंधराच्या वर मावत नाहीत, ती पलटण वाटतच नाही, टोळकं वाटतं. म्हणून सहा मिलिमीटरचे सैनिक घ्यायचे ठरवले, तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. त्यात पलटण पलटणीसारखी दिसते, लांबलचक आणि बारीक, आणि ती वळवायला किती जागा लागते हे डोळ्यांना दिसतं.

पण गंमत अशी की तरीही स्केल जुळत नाही, कधीच जुळत नाही. सहा मिलिमीटरच्या माणसाच्या मापाचं दहा मीटर लांबीचं घर केलं तर ते टेबलाच्या जमिनीच्या हिशोबाने पन्नासेक यार्ड खातं. म्हणजे अख्खं असई गाव, त्याची मातीची तटबंदी, गल्ल्या, देऊळ, सगळं सात-आठ घरांत उभं करावं लागतं. आणि नदीचा दहा फुटी काठ जमिनीच्या मापात धरला तर अडीच मिलिमीटरसुद्धा भरत नाही, सैनिकाच्या मांडीएवढा! काठाचं तर सगळं महत्त्व, त्यानेच लढाई कुठे होणार ते ठरवलं. मग उंचीचं माप वेगळं धरलं, काठ चांगले दोन सेंटिमीटर खोल केले. कारागीर म्हणाला तेच बरोबर आहे, टेबल नकाशाशी प्रामाणिक असून चालत नाही, सैनिकाला जे वाटलं असेल त्याच्याशी असावं लागतं. मला हे शंभर टक्के पटलं.

हा पेच जुनाच आहे. वॉटर्लूच्या रणांगणाचं मॉडेल बनवायचं काम १८३० साली विल्यम सायबर्न नावाच्या लेफ्टनंटला मिळालं, सरकारी ऑर्डर. हा माणूस ला हे सेंट नावाच्या त्या प्रसिद्ध शेतवाडीवर आठ महिने जाऊन राहिला, इंच न् इंच जमीन मोजली, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून तुम्ही कुठे उभे होता, शेतात काय पीक होतं असं विचारत राहिला. एका मैलाला नऊ फूट या मापाने जमीन केली आणि त्यावर सुमारे ७५ हजार कथलाचे-शिशाचे सैनिक, जे जमिनीच्या मानाने कितीतरी मोठे आहेत, कारण नाहीतर दिसलेच नसते. मधेच सरकारने पैसे बंद केले, त्याने स्वतःच्या खिशातून आणि कर्ज काढून ते १८३८ साली पुरं केलं, आणि पुढे त्या कर्जातून बिचारा कधी नीट बाहेर आला नाही. ते मॉडेल लंडनला चेल्सीमध्ये नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे, जमलं तर जरूर बघा, बाजूला उभं राहून खाली वाकून त्या जमिनीच्या पातळीवरून बघा.

सायबर्नला आणखी एक त्रास झाला तो मला फार जवळचा वाटतो. त्याने संध्याकाळी सातच्या सुमाराचा क्षण निवडला, आणि त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने लढणारी प्रशियन फौज मैदानात चांगली आत आलेली होती, म्हणून त्याने तितके प्रशियन सैनिक उभे केले. वेलिंग्टनला ते खटकलं. विजय कुणाचा दिसतो याचा प्रश्न होता ना! शेवटी सायबर्नला बरेचसे प्रशियन काढून टाकावे लागले. म्हणजे बघा, टेबलावर कोण उभं राहणार आणि कोण नाही, यावर त्या काळातला सगळ्यात वजनदार माणूस नाराज होऊ शकतो. त्या खेळण्यात इतकी ताकद असते, आणि तो माणूस तोच, असईवाला.

इंग्लंडमधल्या शोजमध्ये मी असईची जी टेबलं पाहिलीत त्यात काम सुंदर असतं, त्याबद्दल वादच नाही, पण जमीन बहुतेक वेळा पिवळी-तांबूस वाळूची, त्यावर ताडमाड, मागे घुमटाची इमारत. वाळवंटी इजिप्तसाठी बनवलेल्या तुकड्यांवर भारत भागवून नेलेला असतो. मग त्या जमिनीवर मराठी फौजही तशीच भागवलेली दिसते, रंगीबेरंगी गर्दी, एका हत्तीभोवती. कवायती पलटणी, ज्यांना महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून उभं करून घेतलं, ज्यांच्यात उत्तर हिंदुस्थानातले शिपाई भरलेले होते आणि ज्यांच्या तोफांपुढे ७४वी हायलँडर ही स्कॉटिश पलटण असई गावासमोर जवळजवळ संपली, त्या कुठे दिसतच नाहीत. जमीन चुकली की त्यावरची माणसंही चुकतात, असं माझं मत होत गेलंय. म्हणून मी मातीच्या रंगावर अडून बसलो.

कारागिराने एक फूट बाय एक फुटाचा नमुना करून पाठवला, हे चांगले कारागीर करतातच आणि तुम्ही कधी असं काम दिलंत तर नमुन्याचे वेगळे पैसे पडले तरी तो मागाच. नमुना तांबूस आला. सुबक, पण कोकणातला जांभा वाटावा असा. आता माती दाखवायची कशी? मराठवाड्यातली माती पुडीत बांधून आणणं शक्य नाही, ब्रिटनमध्ये बाहेरची माती लायसन्सशिवाय आणायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मग मामाला फोन लावला.

"मामा, शेतातल्या ढेकळाचे फोटो पाठवशील का?"

"ढेकळाचे? कशाला रे बाबा?"

"रंग दाखवायचाय एकाला. शेजारी पांढरा कागद ठेव, म्हणजे उजेड कसा होता ते कळतं. एक ओल्या मातीचा, एक सुकलेल्या."

मामाने माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त केलं. सकाळचा, भर दुपारचा, दिवस मावळतानाचा, असे फोटो, प्रत्येकात वहीचा कोरा कागद आणि त्याच्या कडेला मामाचा अंगठा. एका फोटोत नांगराच्या फाळाने कापलेलं ढेकूळ, कापलेली बाजू चकचकीत, जवळजवळ निळसर काळी, आणि सुकलेली बाजू राखाडी. त्या एका फोटोने काम झालं. कारागिराने तो मोठा करून भिंतीवर लावला. मग काळा, गडद तपकिरी आणि किंचित निळा मिसळून त्याने पाया रंगवला, वरून अगदी सुक्या ब्रशने राखाडी ओढला, फक्त ढेकळांच्या माथ्यावर, आणि सऱ्यांमध्ये चमक राहावी म्हणून सॅटिन वार्निश दिलं. ओली काळी माती अशीच असते, खोलगट भागात चमकते आणि वर मंद पडते. त्या तुकड्यावर बोट टेकवलं तर बोटाला काही लागेल असं वाटायचं.

पिकांची यादीही मामाचीच. आता तिथे मका आणि सोयाबीन दिसतं, ते फोटोंतून मनातल्या मनात वजा करायला लागलं, सोयाबीन तर आपल्याकडे गेल्या काही दशकांतलं. राहिली बाजरी, ज्वारी, तूर, देशी कपाशी. मामा म्हणाला, "आणि बांध दाखव. बांधाशिवाय शेत कसलं?" ते मी विसरू शकलो नसतोच, पण त्याने सांगितलं म्हणून बांधांवर गवत जरा जास्त उंच करून घेतलं, तिथे नांगर जात नाही ना.

नद्यांचं पाणी निळं नको, गढूळ हवं, हे कारागिराला पटायला वेळ लागला नाही. पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन, पातळ थरांत ओततात, एकदम ओतलं तर ते तापतं आणि तडकतं, आणि प्रत्येक थरातले बुडबुडे गरम हवेने काढावे लागतात. पहिल्या थरात त्याने मातकट रंग जास्त घातला, वर वर कमी करत गेला, त्यामुळे काठाजवळ तळ थोडा दिसतो आणि मधे दिसत नाही. उताराच्या जागी मात्र पाणी उथळ, खाली गोटे, आणि दोन्ही काठांवर गाडीवाटेने झिजलेली खाच. ती खाच मी मुद्दाम मागितली. सगळी लढाई त्या खाचेतून आत आली.

टेबल सहा तुकड्यांत आहे, दोन बाय दोन फुटांचे, कडेला एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) फळी, आत लोहचुंबक, म्हणजे जोडले की आपोआप चिकटून बसतात आणि गाडीत मावतात. सांधे कुठे येणार हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं, गावाच्या मधून सांधा गेला की ते गाव कायमचं तुटलेलं दिसतं. तुकड्यातुकड्यांची कल्पनाही नवी नाही. प्रशियाच्या राजाला १८१२ साली राइसविट्झ नावाच्या बॅरनने युद्धखेळाचं जे टेबल बनवून दिलं त्यात प्लास्टरचे रंगवलेले चौकोन होते, मांडाल तशी जमीन तयार होणारे. त्याआधी त्याने राजपुत्रांना तो खेळ वाळूवर दाखवला होता, पण राजासमोर वाळू कशी न्यायची म्हणून त्याने चांगलं खणांचं फर्निचरच घडवलं. पुढे त्याच्या मुलाने तो खेळ नकाशांवर नेला, सैन्यात तो शिकवण म्हणून चालू झाला, आणि ती जमीन मागे पडली. मला त्याचं वाईट वाटतं. नकाशावर उंचवटा रेषांनी कळतो, पण वाकून बघता येत नाही.

पैशाचं विचाराल तर रक्कम चार आकडी पौंडांत गेली. एक भाग आराखड्याला, एक भाग फोम कापून आकार झाल्यावर, उरलेले शेवटी. ही वाटणी दोघांच्याही सोयीची. आकार झाल्यावर, रंगाच्या आधी, स्वतः जाऊन बघावं असं मी आवर्जून सांगेन, कारण त्या वेळी पांढऱ्या फोमवर चढउतार जितके स्पष्ट दिसतात तितके नंतर गवताखाली दिसत नाहीत, आणि बदल करायचा तर तेव्हाच करता येतो. मी तिथे उभा राहून टॉर्च खाली धरून सावल्या पाहिल्या आणि असई गावासमोरची जमीन किंचित आणखी उघडी करून घेतली. तिथे आडोसा मिळता कामा नये. ७४वी पलटण तिथे उघड्यावर सापडली होती.

आमच्या खेळात एक नियम मी आग्रहाने घातला. त्या दिवशी इंग्रजांच्या पलटणी तोफांवरून पुढे निघून गेल्यावर, मेल्यासारखे पडलेले मराठ्यांचे गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा वळवून मागून मारा सुरू केला, वेलस्लीला परत येऊन त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. तेव्हा आमच्या टेबलावर घेतलेली तोफ उचलायची नाही. ती तिथेच राहते, आणि प्रत्येक फेरीला फासा टाकायचा, सहा पडला की गोलंदाज उठले. इंग्रजांची बाजू खेळणारा आमचा मित्र पहिल्यांदा त्याच्या मागच्या रांगेवर गोळा पडला तेव्हा खुर्चीवरून उठून टेबलाच्या पलीकडे गेला आणि केळणेच्या काठाकडून वाकून तोफांची ती रांग नुसता पाहत राहिला. मग त्याने विचारलं, हे लोक कोण होते? त्यावर आम्ही खेळ थांबवून तासभर बोललो. दोन्ही रांगांतले बहुतेक शिपाई हिंदी होते, एकीकडे मद्रासचे, एकीकडे उत्तर हिंदुस्थानातले, हे त्याला माहीतच नव्हतं.

आता पुढचं डोक्यात आहे ते अडगाव, अकोला जिल्ह्यातलं, २९ नोव्हेंबर १८०३. नदी नाही, काठ नाही, सगळं सपाट. कारागीर म्हणतो सपाट जमीन बनवणं सगळ्यात अवघड, कारण डोळ्याला अडकायला काही नसतं, तिथे सगळी भिस्त पिकावर. तिथे वेलस्लीची फौज उंच उभ्या पिकातून मैदानात बाहेर आली होती, म्हणजे पीक असं हवं की त्यात पलटण दिसेनाशी झाली पाहिजे. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे कापून, रंगवून ज्वारी करता येते. त्याने विचारलंय, किती उंच ठेवू?

मामाला विचारलं. तो म्हणाला, "आताची हायब्रीड नको सांगूस त्याला. गावरान सांग. घोड्यावरचा माणूस दिसतो, घोडा नाही दिसत."

मी तसंच कळवलं. त्याने दर पाठवलाय, पीक वेगळं धरून.